दुसरी किल्ली

हेमांगी, ही फाईल घे.
आत कांजूरचा फ्लॅट आहे:
करार, चौकीत दिलेल्या माहितीची पोच, सोसायटीचं पत्र,
आणि भिंतींचे फोटो, तारखेसकट.
फोटो किल्ली देण्याआधी काढायचे. नंतरच्या फोटोला
कोणी विचारत नाही, वकीलसुद्धा.

कराराची नोंदणी दर वेळी.
‘आपलेच तर आहेत’ म्हणून जो कागद राहतो
तो पुढे कोर्टात वीस वर्षं राहतो.

एकतीस वर्षं मी मीटर वाचले,
लोकांच्या जिन्याखाली, चपलांच्या मागे, देवघराच्या वर,
बॅटरी दातांत धरून.
म्हणून सांगतो, आकडा दोघांनी मिळून वाचायचा
आणि दोघांनी खाली सही करायची.
निरोपाच्या दिवशी चांगली माणसंही
साडेतीनशे रुपयांवरून भांडतात.

भाडं पाच तारखेला. सहाला फोन नको.
आठला कर, आणि आधी तब्येत विचार.
दर वर्षी पाच टक्के वाढव, न विसरता, न लाजता.
तीन वर्षं गप्प बसून एकदम चार हजार मागणारा मालक
भला नसतो, आळशी असतो.

नळ गळाला की त्याच दिवशी मुनाफला बोलवायचं.
‘बघू’ म्हटलंस तर खालच्या कुडतरकरांचं छत बघेल.
वायसर दहा रुपयांचा, प्लास्टर वीस हजारांचं,
आणि ते डिपॉझिटमधून कापायचं नाही.
खिळ्यांच्या भोकांचेही नाहीत.
माणूस राहिला की खिळे ठोकतोच.

मासे खाता का, मूळचे कुठले, म्हणजे नेमके कोण?
हे मला विचारलं होतं परळला, सात घरांत,
तुझी आई जिन्यात उभी होती.
तू विचारू नकोस.
पगार विचार, माणसं किती ते विचार,
आधीच्या मालकाचा नंबर माग
आणि त्याला खरंच फोन कर.

आता दुसरी किल्ली.
ती मी एकदाच वापरली, शायनी राहायची तेव्हा.
नर्स होती. फोन उचलत नव्हती,
आणि टाकी वाहतेय असं वॉचमन म्हणाला.
दार उघडलं तर ती रात्रपाळी करून आलेली,
पंख्याखाली फरशीवर झोपलेली,
एक बूट अजून पायात.
टाकी शेजारच्यांची होती.
ती दचकून उठली आणि म्हणाली, ‘सॉरी अंकल.’
तिने. मला.
तेव्हापासून किल्ली पाकिटात बंद आहे,
चिकटवल्या जागेवर माझी सही आहे.
फाटलेली दिसली तर विचारीन.

आणि तुझा प्रश्न.
चेंबूरची इमारत पाडली, बिल्डर भाडं देतो, आठवण केली की देतो,
तर बाबा स्वतःचा फ्लॅट सोडून
टिळकनगरला परक्याच्या घरात का राहतात?
ढवळ्यांचा करार एप्रिलपर्यंत आहे म्हणून.
त्यांची मुलगी दहावीला आहे, तेही आहे,
पण ते दुसरं कारण. पहिलं मी सही करून दिलंय.

इथला मालक तुझ्याच वयाचा. मुलगा वाईट नाही.
परवा मी आंघोळीला गेलो होतो
आणि दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली.
‘काका, गीझर चेक करायचा होता.’
मी टॉवेल गुंडाळून उभा, एकाहत्तराव्या वर्षी,
अंगाला साबण तसाच,
आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सॉरी.’

असो. फाईल कोरड्या जागी ठेव.
मुनाफचा नंबर बदललाय, तेवढा लिहून घे.